एकटे जाण्यासाठी लागणारी माणसे

एखादा समाज किती पुढे गेला आहे, हे त्याला आपले चार वर्षांचे लेकरू हळद आणायला एकटे धाडता येते की नाही यावरून ठरते. रस्ते, पूल, धानाचा भाव वगैरे गोष्टी त्यानंतरच्या. हे मत बालदूरदर्शन समितीचे आहे. समितीचे मत असले की त्यावर आणखी विचार करण्याची जबाबदारी आपोआप संपते, हा समित्यांचा मोठाच फायदा.

ही समिती दवनीवाड्याच्या अलीकडे एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वाडीवर आहे. टोल्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रत्येक टोल्याला हे आपल्याचबद्दल आहे असे वाटावे, अशी अध्यक्षांची इच्छा आहे. अध्यक्ष म्हणजे रामलालजी पटले. त्यांच्या घरी समितीची बैठक होते, चहाही त्यांच्याच घरचा, आणि तो चहा त्यांची सून रिंकी करते. त्यामुळे समितीचे सर्व कामकाज रिंकीला स्वयंपाकघरातून ऐकू येते. तिचे मत कोणी विचारत नाही. साखर किती टाकायची हे मात्र दर वेळी विचारले जाते.

समिती स्थापन होण्याचे कारण असे. मागल्या पावसाळ्यात अंगणवाडीला कुठल्याशा संस्थेकडून भिंतीएवढा टीव्ही मिळाला. (संस्थेचे नाव खोक्यावर होते. खोके चुलीत गेले.) टीव्हीसोबत एका पेनड्राइव्हमध्ये जपानी मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम होते आणि एक चिठ्ठी होती : ‘मराठी आवाज यथावकाश पाठविण्यात येईल.’ यथावकाश या शब्दाशी ज्यांची जुनी ओळख आहे त्यांना पुढचे सांगायला नको.

म्हणून अंगणवाडी सेविका ओमेश्वरीबाई टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसू लागल्या. पडद्यावरची जपानी बाई श्वास घ्यायला थांबली की ओमेश्वरीबाई सुरू होत. “पाहा, थे मनून राहिली का नाक पुसा. आता मनून राहिली का भात सांडू नोका.” जपानी बाई प्रत्यक्षात काय म्हणत होती हे कोणाला माहीत नव्हते. पण मुलांची नाके पुसलेली राहू लागली, तेव्हा भाषांतर बरोबरच असणार, असा निष्कर्ष निघाला.

कार्यक्रम खरोखर उत्तम होते. एकात कापडाचा मुळा चपला सरळ रेषेत ठेवायला शिकवीत असे. एकात दोन मोठी माणसे अतिशय गंभीर चेहऱ्याने रिकाम्या खोक्याचा हत्ती करीत. एकात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता भात शिजत असे. कोणी बोलत नसे, फक्त वाफ. (हा भाग पाहायला टोल्यातल्या बायाही येऊन बसल्या. पाणी कमी पडले, यावर त्यांचे एकमत झाले.)

परिणाम दिसू लागले. मुले घरोघरच्या चपला ओळीने लावू लागली, चवडे दाराकडे करून. रामलालजींना पहिले काही दिवस आपल्याला घराबाहेर काढायचा विचार चालला आहे असे वाटत राहिले. मुले खिचडीला वाकून नमस्कार करू लागली, म्हशीला करू लागली. लहानांनी मोठ्यांपुढे वाकणे टोल्याला नवे नव्हते. मोठ्यांनीही उलट तेवढेच वाकावे आणि त्याशिवाय लेकराने वर उठू नये, हे नवे होते. ज्यांच्या घरी दोनपेक्षा जास्त मुले आहेत अशा म्हाताऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांची कंबर धरली. उरलेल्या वीस टक्क्यांनी आपण घरी नसल्याचे सांगायला सुरुवात केली.

मग तो कार्यक्रम लागला.

त्यात चार-पाच वर्षांचे एक पोर गळ्यात पिशवी अडकवून बाजाराला निघते. एकटे. त्याची आई दारात उभी राहून त्याला काहीतरी सांगते. (काय, ते रोज बदलत असे. सोमवारी ओमेश्वरीबाई म्हणाल्या, “पान्याची बाटली विसरू नोको.” मंगळवारी, त्याच बाईच्या त्याच तोंडून, “कुत्र्याले गोटे मारू नोको.”) पोर निघते, वळणावर थांबते, थोडे रडते, एक फुलपाखरू पाहते, रडत होते हे विसरते आणि शेवटी काहीतरी घेऊन परत येते. त्याचे चित्रण करणारी माणसे कोणी पोतडीत, कोणी झाडामागे लपलेली असतात. आई पदराने डोळे पुसते. जपानमध्ये पदर नसतो. ती जे काही पुसायचे असते त्याने पुसते.

सगळा टोला ते पोर पाहत होता. रिंकी आपल्या मुलीला, आचलला, घ्यायला आली होती आणि अंगणवाडीच्या चौकटीला टेकून पाहत होती. ती रस्ता पाहत होती. सरळ, धुतल्यासारखा रस्ता, एका बाजूला भिंत, आणि त्यावरून चालणाऱ्या माणसाशेजारी कोणी नाही.

रिंकी भूगोल घेऊन बी.ए. झालेली होती. जपानची चार मोठी बेटे तिला कागदावर न बघता काढता येत. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि या काळात ती टोल्याबाहेर एकटी कधी गेली होती, ते तिला आठवेना. शेतावर सासूबाई सोबत. दवाखान्यात नवरा, दुर्गेश, सोबत. गोंदियाच्या बाजारात सासूबाई आणि दुर्गेश दोघे सोबत, कारण एकाला पिशवी धरावी लागते आणि एकाला रिंकीला. कोणी तिला अडवीत नव्हते, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. पटल्यांच्या घरात सुनेला अडवण्याची पद्धतच नाही. फक्त कोणीतरी सोबत येते.

माहेरी जाण्याचीही रीत ठरलेली. भाऊ न्यायला आला की जायचे, नवरा आणायला आला की परत यायचे. रिंकीचे माहेर कोहमाऱ्याचे. तिथे हायवेच्या चौकात तिचा भाऊ टिकेश ढाबा चालवतो. दिवाळीपासून जाणे झाले नव्हते. आणि आता तिच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे, धुरापासून जपायचे.

“थेंब कोन टाकते?” रिंकीने फोनवर विचारले.

“मीच टाकतो,” टिकेश म्हणाला. “हात धुतो ना बाई. तरी आई मनते, झोंबून राहिलं. दिवसभर तिखटातच राह्यते ना हात माहा.”

रिंकीने फोन ठेवला आणि बराच वेळ हातातली परात पुसत राहिली. परात कोरडीच होती.

आता अडचण पाहा. रिंकीला न्यायला टिकेश आला, तर आईजवळ कोणी नाही. म्हणजे आईजवळ कोणीतरी असावे म्हणून आईला एकटे सोडावे लागणार. दुर्गेशने पोचवून द्यावे, तर तो गोंदियाला राइस मिलमध्ये सुपरवायझर; धानाचा हंगाम, मिल रात्रंदिवस सुरू, मालक सुट्टी देईना. सासूबाईंनी न्यावे, तर त्यांना परत कोण आणणार? (त्याही कधी एकट्या गेलेल्या नव्हत्या.) या प्रश्नावर घरात तीन वेळा चर्चा झाली आणि ‘पाहू’ असे ठरले. पाहू हे यथावकाशचे घरगुती रूप आहे.

इकडे समितीने ठराव केला.

“जपानमंधी चार वर्साचं पोट्टं बजार करून येते,” रामलालजी बैठकीत म्हणाले, “अना आपला दुर्गेश तीस वर्साचा झाला, त्याले मिरच्या आनाले धाडलं तं ढेमसे आनते. काऊन? लहानपनी एकटा धाडला नाई मनून!”

“तुमीच नाई धाडलं,” आतून चमेलीबाई, म्हणजे रिंकीच्या सासूबाई, म्हणाल्या.

“मंग आता धाडू ना!”

“दुर्गेशले?”

“आचलले!”

अशा रीतीने ‘पहिला एकटा बाजार’ हा उपक्रम सुरू झाला. वयोमर्यादा तीन ते सहा. पहिली लाभार्थी : अध्यक्षांची नात. अंतर : पटल्यांच्या दारापासून बकारामच्या किराणा दुकानापर्यंत, म्हणजे मध्ये एक हातपंप आणि एक चिंच. वस्तू : हळद. समितीने स्पष्ट केले की लेकरू पूर्णपणे एकटे गेले पाहिजे. आणि ते पूर्णपणे एकटे जात आहे याची खात्री करण्यासाठी पुरेशी माणसे लपून बसली पाहिजेत.

ठरलेल्या सकाळी टोल्यातली कुत्री बांधली. फटफट्या बंद झाल्या. रस्ता झाडला, पाणी शिंपडले, मग कोणीतरी म्हणाले की पोरगी घसरेल, म्हणून माती टाकली. बकारामकडून संवाद तीन वेळा पाठ करून घेतला. (‘काय पायजे बेटा?’ एवढाच होता.) हळद आदल्या दिवशीच पुडीत बांधून गल्ल्याशेजारी ठेवली होती. मग सर्वजण आपापल्या जागी लपले. चिंचेमागे सात जण होते. चिंच तेवढी रुंद नव्हती, पण हेतू रुंद होता. रामलालजी पानठेल्यावर वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले. चमेलीबाई तणसाच्या ढिगात शिरल्या. दुर्गेश रात्रपाळी करून आला होता तो रिकाम्या बैलगाडीखाली झोपला आणि तिथेच झोप लागल्यामुळे सर्वांत उत्तम लपलेला ठरला.

आईने दारात उभे राहून डोळे पुसायचे, असे कार्यक्रमात होते. रिंकीला रडू येईना. “थोडं तरी पुस वं,” मोबाइलवर चित्रण करणाऱ्या ओमेश्वरीबाई कुडाच्या आडून म्हणाल्या. रिंकी पाहत होती ते वेगळेच. दोन वेण्या, एक जरा वर, एक जरा खाली, कारण सकाळी आचलने मान स्थिर ठेवली नव्हती. पिशवी जवळपास जमिनीला टेकत होती. मानेवर कालचा पावडरचा डाग. चालताना ती डाव्या पायाला किंचित उडी मारते, हे रिंकीला आजपर्यंत माहीत नव्हते. लेकरू कायम हाताला धरलेले असले की ते मागून कसे दिसते हे कळतच नाही. मग मात्र तिला खरेच पुसावे लागले. ओमेश्वरीबाईंचा मोबाइल तोवर पुढे गेला होता.

आचल हातपंपापाशी थांबली.

“आजी, तू तनसात कायले बसली?”

“मी नाई बसली,” चमेलीबाई तणसातून म्हणाल्या.

“इच्चू चावन ना!”

तणसात मोठी खळबळ झाली, पण चमेलीबाईंनी जागा सोडली नाही, याची समितीने नोंद घेतली. आचल पुढे निघाली. चिंचेमागच्या सातही जणांना तिने नावानिशी राम राम केला. पानठेल्यापाशी ती वाकली आणि वाकूनच राहिली, तेव्हा रामलालजींना नाइलाजाने वर्तमानपत्रासकट वाकावे लागले. वर्तमानपत्र उलटे आहे, हेही तिने जाता जाता सांगितले.

दुकानात बकाराम हात जोडून उभा होता. समोर एवढी माणसे लपलेली पाहून त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. “या मॅडम,” तो म्हणाला.

“हळद द्या. अना एक बिस्कुटचा पुडा द्या.”

“बिस्कुट सांगतलं होतं का मम्मीनं?”

“हळद मम्मीनं सांगतली. बिस्कुट मी सांगून राहिली.”

उपक्रम शंभर टक्के यशस्वी झाला. त्या संध्याकाळी समितीने निष्कर्ष काढला की योग्य नियोजन असेल तर आपल्याकडचेही मूल एकटे जाऊ शकते आणि त्यासाठी सरासरी एकेचाळीस माणसे लागतात. टोल्याची एकूण माणसे पाहता एका वेळी एकापेक्षा जास्त मुलांना एकटे सोडणे परवडणार नाही, असाही इशारा देण्यात आला.

रिंकी चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवले. आणि गेली नाही.

“मामाजी,” ती सासऱ्यांना म्हणाली, “मले बी एकटी जाऊ द्या. कोहमाऱ्याले. आईच्या डोळ्यात थेंब टाकाले कोनी नाई.”

कोणी चहाला हात लावला नाही.

“तुले कोनी अडवलं का बहू?” रामलालजी हळूच म्हणाले. त्यांना खरेच वाईट वाटले होते. “दुर्गेशले सुट्टी भेटली का जाजो ना.”

“सुट्टी भेटेपर्यंत पट्टी निंगन, मामाजी. आचल जाते, मंग मी काऊन नाई?”

“आचल लहान हाये. लहानाले कोनी काई मनत नाई. मोठी बाई एकटी गाडीत बसली का लोक इचारतात, घरी कोनी नाई का?”

यावर खरे तर बोलणे संपायला हवे होते. पण रिंकी म्हणाली, “मंग मले लहान धरा.”

समितीने एकमेकांकडे पाहिले. मग एकेकाच्या चेहऱ्यावर सुटका दिसू लागली. सुनेला एकटे पाठवणे ही या टोल्यात आजवर न झालेली गोष्ट होती. लाभार्थ्याला एकटे पाठवणे हा मात्र उपक्रम होता, आणि त्याला नुकतेच शंभर टक्के यश मिळाले होते. ओमेश्वरीबाईंनी पाठिंबा दिला. चमेलीबाई आतून म्हणाल्या, “धरा लहान. कामाले मोठी, बाकी लहानच हाये थे.” हा टोमणा होता की शिफारस, हे ठरवता न आल्याने शिफारस धरण्यात आली. रिंकी दुर्गेश पटले, बी.ए., हिला विशेष बाब म्हणून चार वर्षांची मानण्यात आले.

त्यानंतर सर्व काही नियमाप्रमाणे झाले. तिच्या साडीला पिनेने नाव आणि दुर्गेशचा फोननंबर लावण्यात आला. गळ्यात पाण्याची बाटली. रामलालजींनी ओसरीवर अनोळखी माणसाची भूमिका करून तिची तयारी करून घेतली.

“अनोळखी मानसानं चाकलेट देल्लं तं?”

“घ्याचं नाई.”

“शाबास. गाडी कोनती?”

“पयले गोंदिया, मंग तिथून कोहमारा. गोरेगाववरून जाते. मामाजी, मले नकाशा काढता येते.”

“लहान लेकरू नकाशा काढत नाई,” रामलालजींनी आठवण करून दिली.

खरे मार्गदर्शन आचलने केले, कारण अनुभव तिलाच होता. तिने आईची पिशवी तपासली, त्यात आपले उरलेले एक बिस्किट ठेवले आणि दारात उभी राहिली. “मम्मी, रडू आलं तं थांबजो. मंग काईतरी पायजो. मंग जाजो.” आणि ती दारातच राहिली. मागे आली नाही, लपली नाही, हाक मारली नाही. सबंध टोल्यात तो कार्यक्रम कळलेला माणूस ती एकटीच होती.

बाकीचा टोला बसमध्ये होता.

दवनीवाड्याच्या फाट्यावर लाल गाडी थांबली तेव्हा रिंकी चढली आणि तिच्यानंतर, तिच्याशी काहीही संबंध नसलेली सत्तावीस माणसे चढली. हिवाळा होता, त्यामुळे मफलरांना कारण होते. रामलालजी शेवटच्या बाकावर मफलरमध्ये होते. चमेलीबाईंनी डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला होता आणि त्या रिंकीच्या शेजारीच बसल्या होत्या, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

“कुठलं देऊ?” वाहकाने पहिल्या मफलराला विचारले.

“थे उतरन तिथलं.”

“थे म्हणजे कोण?”

सबंध बसने हनुवटीने रिंकीकडे दाखवले. रिंकी खिडकीबाहेर पाहत होती. कार्यक्रमातली मुले कॅमेऱ्याकडे कधी पाहत नाहीत, हे तिला ठाऊक होते.

वाहकाने तिला नियमाप्रमाणे बाईचे अर्धे तिकीट दिले. “अर्धं कसं?” शेवटच्या बाकावरून आवाज आला. “चार वर्साची हाये. फुकट पायजे.” वाहकाने रिंकीकडे पाहिले, तिच्या गळ्यातल्या बाटलीकडे पाहिले, साडीवरचा नंबर वाचला आणि पुढे गेला. एसटीत नोकरी करणाऱ्याला कशाचेच फार वाटत नाही.

“मी नाई आहो,” शेजारचा पदर थोड्या वेळाने हळूच म्हणाला.

“माहीत हाये, माय,” रिंकी खिडकीकडे पाहत म्हणाली.

“डबा आनला का?”

“हाव.”

“मंग ठीक हाये. मी नाई आहो.”

गोंदियाच्या स्टँडवर उपक्रमाला गळती लागली. लपून मागे जाणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. त्याला पोटात काहीतरी लागते. नऊ जण समोशाच्या गाडीपाशी अडकले. चौघांना त्यांचे पैसे थकवलेला एक धानाचा व्यापारी दिसला, आणि तो त्यांना पाहून गर्दीत शिरला, म्हणून ते एकाऐवजी दुसऱ्याच्या मागे लपत निघाले. काहींनी चुकून बालाघाटची गाडी धरली आणि सीमा ओलांडून मध्य प्रदेशात गेले. रामलालजी चौकशीच्या खिडकीपाशी उभे राहून ‘एकटी बाई कोणत्या फलाटावर आहे’ असे विचारत राहिले, आणि त्यांना पाच फलाट सांगण्यात आले.

चमेलीबाई या गडबडीत सर्वांपासून तुटल्या. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात त्या पहिल्यांदाच एखाद्या ठिकाणी एकट्या होत्या. पुढे काय झाले याबद्दल समितीकडे माहिती नाही. एवढेच कळले की दुपारी त्या सापडल्या तेव्हा गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्याशेजारी उभ्या होत्या, पदर खांद्यावर होता, आणि ठेलेवाला त्यांना विचारत होता, “अम्मा, और तीखा?” “कोनं आनलं तुमाले इथं?” असे रामलालजींनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पायांनं.”

कोहमाऱ्याच्या गाडीमागे फक्त दुर्गेश उरला, फटफटीवर, हेल्मेट घालून. पोचवून द्यायला त्याला सुट्टी मिळत नव्हती. लपून मागे जायला मात्र मालकाने अर्धा दिवस दिला. असे काम त्यानेही आधी ऐकले नव्हते. रिंकीला बसच्या मागच्या काचेतून तो दिसत होता. जवळ आला की हॉर्न देत होता आणि मग आपण लपलो आहोत हे आठवून मागे पडत होता. तिला हसू आले, आणि हसता हसता त्याची दयाही आली. जेवण न करता निघाला असणार. गोरेगावच्या पुढे त्याला मिलमधून फोन आला. तो रस्त्याच्या कडेला थांबला, एका कानावर बोट ठेवून ओरडू लागला, लहान होत गेला, आणि एका वळणावर संपला.

मग रस्ता होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची बांदी, करड्या चौकोनांसारखी, मध्ये कुठेतरी बगळा. रिंकीने बाटली गळ्यातून काढली. साडीची पीन काढली. शेजारची जागा रिकामी होती. तिने तिथे पिशवी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली, मग पुन्हा ठेवली, केवळ ठेवता येते म्हणून. एकदा रडू आले, तेव्हा आचलने सांगितल्याप्रमाणे तिने काहीतरी पाहिले. बगळा पुरला.

कोहमाऱ्याच्या चौकात ती उतरली. ट्रक उभे होते, ढाब्यांतून फोडणीचा वास येत होता. तिने दोन्हीकडे पाहून हायवे ओलांडला. टिकेश भट्टीपाशी होता. तिला एकटी पाहून त्याच्या हातातला झारा तसाच राहिला. “कोनं आनलं?” तो म्हणाला. तिने साबण मागितला. ढाब्यामागच्या नळावर तिने कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा धुतले. आतल्या खोलीत आई खाटेवर बसलेली होती, हिरवी पट्टी दाराकडे करून, पावलाचा आवाज ओळखायचा प्रयत्न करीत.

उंबऱ्यावर रिंकी थांबली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या मागे घरचे कोणी नव्हते. सासरे गोंदियाला, सासूबाई ठेल्यावर, नवरा फोनवर. तिने सवयीने मागे वळून पाहिले.

तुम्ही होता.

टोल्यापासून निघाला आहात. बसमध्ये तिच्याशेजारी बसलात, पिशवीत काय आहे ते पाहिलेत, ती केव्हा रडली तेही पाहिलेत, आणि आता दारातून आत डोकावता आहात. वाईट हेतू नाही, हे तिला कळते. तुम्हालाही काळजीच वाटत होती.

“पोचली मी,” ती म्हणाली आणि दार लोटू लागली. “आता जा तुमी घरी. जाल ना एकटे? का देऊ कोनी सोबत?”